दोरीवरचे कपडे

घरात ती धाकटी. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती नकाशेवाल्या बाई. आणि संध्याकाळी स्वयंपाक उरकून कानांवर हेडफोन चढवले की ती घार. हे तिसरं नाव तिला तिच्या खेळगड्यांनी दिलं होतं. खेळगडी म्हणजे कोणी लहान पोरं नव्हेत. चांगली केस पिकलेली, पोटं सुटलेली माणसं. जो तो आपापल्या घरी संगणकासमोर बसायचा, हातात जॉयस्टिकचा दांडा धरायचा आणि पडद्यावर लढाऊ विमान उडवायचा. त्यात एक गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले; खऱ्या विमानात बसायचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना मळमळायचं. एक बोका होता, चष्म्याच्या दुकानाचा मालक. तो शत्रूपेक्षा धावपट्टीवरच जास्त वेळा आपटायचा. युद्धस्य कथा रम्या म्हणतात ते काही उगीच नाही. त्यातून युद्ध खुर्चीत रेलून, हाताशी चहा ठेवून करायचं असेल तर विचारायलाच नको.

धाकटी स्वतः विमान क्वचितच उडवायची. "उडवायला काय, कोणीही उडवतं. तुम्हाला पाडणारं कोणी नको का?" असं म्हणून तिनं मोहिमा रचायचं काम अंगावर घेतलं होतं. खेळातला नकाशा उघडायचा आणि त्यावर शत्रूचं हवाई संरक्षण एकेक वाहन करून मांडायचं. लांबचं बघणारं रडार, नेम धरणारं रडार, क्षेपणास्त्रांचे लाँचर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारी गाडी. पहिल्यांदा मांडलं तेव्हा तिनं नवशिक्यांची ठरलेली चूक केली. वाहनं ऐटीत उभी केली, पण ती एका गटात बांधायची राहिली. रडारला विमान दिसत होतं आणि शेजारच्या लाँचरला त्याचा पत्ताच नव्हता. बोका त्यांच्या डोक्यावर निवांत घिरट्या घालून आला आणि म्हणाला, "घारबाई, तुमची पोरं वामकुक्षी घेतायत."

ती चिडली आणि शिकली. दिवसभर जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या बाईला जमिनीवरचं मांडणं काय जड? चढ-उतार, रस्ते, कुठून काय दिसतं, तिला सगळं आधीच दिसायचं. आणखी एक गोष्ट ती शिकली, ती महत्त्वाची. रडार म्हणजे अंधारात बॅटरी लावून चोर शोधणारा माणूस. त्याला चोर दिसेल तेव्हा दिसेल, चोराला तो आधी दिसतो. म्हणून लढाईतलं पहिलं क्षेपणास्त्र येतं ते रडारवर. शहाण्यानं काय करावं? एक खोटं ठाणं उघड्यावर मांडावं आणि खरं दुसरीकडे गुपचूप दडवावं. खोट्यावर दारूगोळा संपवून शत्रू परत फिरला की खऱ्यानं डोळे उघडायचे.

तिनं तसं केलं. एका टेकडीवर चार घरं होती, तिथं खोटं ठाणं मांडलं. सगळ्या वैमानिकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुरुजी म्हणाले, "टेकडी ओसाड, घरं ओसाड. हे आमिष आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

त्या आठवड्यात तिचे वडील तिच्याकडे राहायला आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्यांचा जन्म नाटकांचं नेपथ्य उभारण्यात गेला होता. लाकूड, कापड आणि रंग एवढ्यावर त्यांनी राजवाडे बांधले होते आणि रात्रीत मोडले होते. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, चष्मा कपाळावर नेला आणि पडद्यात डोकं घातलं.

"तुझं गाव मेलेलं आहे गं," ते म्हणाले. "नुसतं दार रंगवून घर होत नाही. कडीला हाताचा मळ लावावा लागतो. दोरीवर चार कपडे टाक. अंगणात एखादी सायकल आडवी कर. पोराटोरांचं काहीतरी असू दे."

खेळाच्या सामानात कपड्यांची दोरीसुद्धा होती, कोणा हौशी माणसानं करून ठेवलेली. धाकटीनं दोऱ्या बांधल्या, सायकल टाकली. मग तिला स्वतःचं काहीतरी सुचलं. तिनं खोटे लाँचर उचलले आणि थेट घरांच्या भिंतींना लावून ठेवले.

"इतक्या जवळ?" तात्या म्हणाले. "माणसांच्या उशाशी आमिष कोण ठेवील?"

"कोणीच नाही. म्हणून तर ठेवायचं."

बापलेक खो खो हसले. पुढच्या शनिवारी सगळी विमानं त्या टेकडीवर तुटून पडली, रिकामी झाली, आणि परतीच्या वाटेवर खऱ्या ठाण्यानं एकेकाला वेचून पाडलं. त्यानंतर कितीतरी दिवस गटात एकच विनोद चालला. दोरीवर कपडे दिसले की समजा, घारबाईंचं धुणं आहे.

मग खरं सुरू झालं.

आधी बातम्यांत सरहद्दीचं नाव रोज यायला लागलं. मग दुकानांतून मेणबत्त्या नाहीशा झाल्या, खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चढल्या, भोंग्यांची रंगीत तालीम झाली. गुरुजींनी गटावर एकच ओळ लिहिली, "आता नको." कोणी का म्हणून विचारलं नाही. दांडे कपाटात गेले. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे उंटावरून खाली उतरले आणि शेळ्यांमध्ये जाऊन उभे राहिले.

धाकटीचा नवरा इस्पितळात नर्स होता. त्याच्या सुट्ट्या रद्द झाल्या. पाणीपुरवठा म्हणजे अत्यावश्यक सेवा, त्यामुळे तिच्याही झाल्या. त्यांची मुलगी चिमी सात वर्षांची. घरामागच्या बंद पडलेल्या गिरणीला लागून तिची शाळा होती, ती मात्र चालू होती. पोरं घरात कोंडून ठेवण्यापेक्षा शाळेत बरी, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं होतं.

एक दिवस त्या गिरणीच्या रस्त्याखालची मोठी पाइपलाइन फुटली. धाकटीनं नकाशा काढून दिला, दुरुस्तीची माणसं गेली आणि फावडी तशीच कोरडी घेऊन परत आली. "बाई, तिथं सैनिक उभे आहेत. पुढं जाऊच देत नाहीत." तिनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "तो नकाशा गुंडाळा आणि विसरा." विसर म्हटल्यावर माणसाला विसरता येतंच असं नाही, पण ऑफिसात तसं दाखवता येतं. तिनं नकाशा गुंडाळला. तिला वाटलं, दारूगोळा ठेवला असेल, धान्य ठेवलं असेल. त्या भागाचं पाणी दुसऱ्या नळावर फिरवून ती कामाला लागली.

त्याच सुमारास तात्यांचा फोन आला. तात्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या एका गल्लीत एकटे राहायचे.

"अगं, आमच्याकडे पाहुणे आलेत," ते म्हणाले. आवाजात दारी वरात आल्याचा थाट. "हे मोठाले ट्रक. आकाशाकडे तोंडं करून नळकांडी. वर गोल फिरणारी थाळी. अगदी माझ्या कुंपणाला लागून!"

धाकटीनं हातातलं काम टाकलं. "तात्या, तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा."

"का? आता तर काळजीच मिटली. राखणदार दारात आहे."

"राखणदाराच्याच डोक्यात पहिला धोंडा पडतो, तात्या. मी तुम्हाला दाखवलं नव्हतं का?"

 मग ते म्हणाले, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला.

पुढे चार-पाच दिवस हेच. ती आर्जवं करायची, रागवायची, रडायची. ते दूध उतू घालवायचे.  शेवटी नवरा म्हणाला, "फोनवर काही होणार नाही. जाऊन घेऊन ये. ऐकत नसतील तर उचलून आण." तिनं साहेबांच्या हातापाया पडून अर्धा दिवस मिळवला, चिमीला शाळेत सोडलं आणि टेकडीची वाट धरली.

भीती वाटत होती, ती सांगायला लाज कसली?  रस्ताभर ती आकाशाकडे बघत होती आणि आकाश निळंशार, निरागस होतं. गल्लीच्या तोंडाशी दोन सैनिकांनी गाडी थांबवली. वडिलांना न्यायला आलेय म्हटल्यावर एक जण म्हणाला, "ज्यांना जायचं ते जाऊ शकतात. आमची कोणाला सक्ती नाही." हे सांगताना तो तिच्याकडे न बघता तिच्या गाडीच्या चाकाकडे बघत होता.

गल्लीत शिरल्यावर तिला जरा धीर आला. तिला वाटलं होतं, सगळे पळाले असतील. पण अंगणाअंगणात दोऱ्यांवर कपडे वाळत होते. तात्यांच्या शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या दारात सायकल आडवी पडली होती, पलीकडच्या सुताराच्या ओट्यावर खेळण्यातली गाडी होती. म्हणजे माणसं आहेत. इतकी माणसं राहिलीत तर आपणच भागूबाई आहोत की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

आणि मग कुंपणापलीकडे तिला ते दिसले. खेळात तिनं हजारदा उचलून ठेवलेले, माउसच्या टिचकीनं गर्रकन फिरवलेले लाँचर. इथं ते घराएवढे होते. त्यांची सावली तात्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पडली होती.

तात्या दारात उभे होते, बाह्या वर केलेल्या, हात ओले. "आलीस? हात धू, चहा टाकतो."

"चहा नको. पिशवी भरा."

"हात तर धुशील?"

ती मोरीत गेली आणि तिनं नळ सोडला. पाणी धो धो आलं. तिनं हात पुढे केले आणि ते तसेच राहिले.

हा नळ तिच्या ओळखीचा होता. याची पाइपलाइन गल्लीच्या रस्त्याखालून येते, जुनी, बिडाची, जेमतेम हातभर खोल. नकाशा तिनंच काढला होता आणि त्यावर लाल शाईत लिहिलं होतं की इथून जड वाहन नेऊ नये. टेकडीवर यायला दुसरा रस्ता नाही. खरा लाँचर म्हणजे लादलेल्या मालट्रकच्या दुप्पट धूड. असली दोन-चार धुडं या रस्त्यावरून गेली असती तर नळाचा चुरा झाला असता. गल्ली पाण्यात बुडायला हवी होती. आणि नळ तर खुशाल वाहत होता.

तिनं खिडकीतून पुन्हा पाहिलं. आता सगळंच दिसायला लागलं. चाकांखालचं गवत नुसतं लवलं होतं, चिरडलं नव्हतं. जनरेटरची घरघर नव्हती. वारा आला तशी लाँचरची एक बाजू हलकेच फुगली आणि परत बसली.

लाकूड आणि कापड. खोटं ठाणं. माणसांच्या उशाशी ठेवलेलं आमिष.

कुठल्या तरी ऑफिसात, कुठल्या तरी नकाशावर, तिच्यासारख्याच कोणा हुशार माणसानं ते उचललं होतं आणि घरांच्या भिंतींना लावून ठेवलं होतं. कोणीच असं करणार नाही, म्हणून तर करायचं. तो कदाचित हसलाही असेल.

मग खरं कुठं आहे?

हा प्रश्न तिनं नको असताना विचारला आणि त्याचं उत्तर तिला नको असताना आलं. जिथं नळ फुटला तिथं. गिरणीच्या आवारात. तिच्या घरामागे, चिमीच्या शाळेच्या भिंतीला भिंत.  तिनं नळ बंद केला.

"तात्या," ती बाहेर येत म्हणाली, "हे सगळं..." आणि तिथंच थांबली. अंगणातून शेजारच्या शिक्षिकाबाईंची दोरी दिसत होती. त्या दोरीवर दोन चादरी होत्या, एक सदरा होता आणि एक निळी शाल होती, काठाला पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेली. ते रफू तिच्या आईच्या हातचं होतं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

तिनं पलीकडच्या दोरीकडे पाहिलं. तिथं तात्यांचे लेंगे होते. सुताराच्या दोरीवर तात्यांचे टॉवेल. अख्ख्या गल्लीत तात्यांचं एकट्याचं धुणं वाळत होतं.

"शेजारी कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"गेले सगळे. पाहुणे आले त्याच दिवशी."

"आणि हे?"

"हे मी." तात्यांनी टॉवेलला हात पुसले. "रोज दुपारी काढतो, रोज सकाळी घालतो. पाळीपाळीनं. एकाच दोरीवर रोज तेच दिसलं तर फजिती. संध्याकाळी सगळ्यांच्या चुली पण पेटवून येतो. धूर दिसायला हवा ना."

"तुम्हाला माहीत होतं."

"अगं, जन्म गेला माझा कापडाला लोखंड करण्यात. पहिल्याच दिवशी कळलं. रंग बरा आहे, पण कोपरे घाईत केलेत. त्या सैनिक पोरांना मी दोन ठिकाणी रंगानं सावल्या मारून दिल्या." या वयातही त्यांच्या चेहऱ्यावर काम नीट झाल्याचा आनंद होता. तिला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे करायला? त्यांनी?"

"कोणी नाही. त्यांना तर माझ्याकडे बघवतही नाही." ते ओट्यावर बसले. "पण गल्ली रिकामी झाली आणि मला तुझे ते गुरुजी आठवले. टेकडी ओसाड, घरं ओसाड. मी म्हटलं, हे काही कोणाला खरं वाटणार नाही. आणि हे खोटं ठरलं तर शत्रू खरं शोधत जाणार." ते तिच्याकडे बघत राहिले. "खरं कुठं आहे, धाकटे?"

तिनं मान फिरवली. पण लहानपणापासून तिचं तोंड वाचायची त्यांना सवय होती.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "गिरणी ना? परवा फोनवर चिमीनं सांगितलं, शाळेतून गिरणीकडे बघायला बंदी केलीय."

"मी चिमीला परगावी ताईकडे पाठवते. उद्याच पाठवते. तुम्हीच घेऊन जा तिला. मग तर झालं?"

"आणि तू?"

"मला सुट्टी नाही."

"जावईबापू?"

"त्यालाही नाही."

"मग मलाही नाही," तात्या म्हणाले.

धाकटीचं डोकंच फिरलं. ती तडक शिक्षिकाबाईंच्या अंगणात गेली. आईची शाल तिनं ओढून काढली. चादरी काढल्या, सदरा काढला. चिमटे तटातट उडाले. ती पुढच्या अंगणात गेली. तात्या मागून "अगं, अगं" करत येत होते. "दिसू दे खोटं," ती ओरडत होती, "दिसू दे सगळ्यांना! कापड आहे ते! कापडासाठी मरायचंय तुम्हाला?" तात्यांच्या स्वतःच्या अंगणातल्या दोरीवर चिमीचा पिवळा फ्रॉक होता, सुट्टीत राहायला आली होती तेव्हाचा राहिलेला. तो पाहिल्यावर तिचा तोलच गेला. "हा पण? हा पण लावलात?"

"त्यानंच तर खरं वाटतं," तात्या हळूच म्हणाले.

तिनं फ्रॉक काढला आणि छातीशी धरला. हातात ओल्या कपड्यांचं बोचकं, समोर उघड्याबोडक्या दोऱ्या.

तेवढ्यात भोंगा वाजला.

रंगीत तालमीतला भोंगा आणि खरा भोंगा यांचा आवाज एकच असतो, पण पोटाला फरक कळतो. गल्लीच्या तोंडाशी असलेले सैनिक धावत खंदकात उतरले. धाकटीनं वर पाहिलं. खूप उंच, घारीसारखं, एक काळा ठिपका सावकाश गोल फिरत होता. बाँब टाकणारं विमान असं फिरत नाही. हे बघायला आलं होतं. खेळातही आधी तेच यायचं. ते बघून जायचं, आणि काय कुठं टाकायचं ते त्याच्यावरून ठरायचं. कुठल्या तरी खोलीत आत्ता कोणीतरी पडद्यात डोकं घालून ही टेकडी बघत होतं. घरं ओसाड आहेत का, ते बघत होतं.

दोऱ्या रिकाम्या होत्या. तिनं स्वतःच्या हातानं रिकाम्या केल्या होत्या.

चिमी आत्ता कुठल्या तासाला असेल? शाळेला तळघर नाही. भोंगा झाला की बाकांखाली बसायला शिकवलंय. बाकं लाकडाची.

 तिनं बोचकं ओट्यावर टाकलं, त्यातला पिवळा फ्रॉक उचलला, झटकला आणि दोरीवर घातला. चिमटा सुटून पडला. दुसरा घेतला. खांद्याची शिवण कुठली आणि कॉलर कुठली तेही कळेना. तात्यांनी चादरी उचलल्या होत्या. ते शिक्षिकाबाईंच्या अंगणाकडे चालले होते, न धावता, रोज धुणं वाळत घालणारा माणूस चालतो तसे.

"तात्या, ते..."

"वर बघू नकोस," ते मागे न वळता म्हणाले. "प्रेक्षकांकडे बघायचं नसतं."

तिनं वर पाहिलं नाही. मान खाली घालून तिनं टॉवेल झटकले, लेंगे झटकले, सुताराच्या दोरीवर घातले.  डोळे मिटून किंचाळावं असं वाटत होतं आणि ती सुरकुत्या सरळ करत होती. शेवटी आईची शाल राहिली. ती तिनं काठ बाहेर येईल अशी पसरून घातली, आईची पद्धत होती तशी. तात्या सुताराच्या ओट्यावर बसून खेळण्यातल्या गाडीचं चाक पुसत होते. वर ते फिरत होतं. किती वेळ फिरलं कोण जाणे. तिला वाटलं, आपण जन्मभर कपडेच वाळत घालत होतो.

मग भोंगा पुन्हा वाजला, धोका टळल्याचा, एकसुरी. आकाश पुन्हा निळंशार झालं.

तात्या जवळ आले. त्यांनी तिचा हात धरला, तेव्हा तिला कळलं की त्यांचा हात कापतोय. त्यांनाही भीती वाटत होती. आत्तापर्यंत ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुला यातलं कळतं," ते म्हणाले. "फसलं का ते विमान?"

हो म्हटलं तर बाँब इथं येतील. नाही म्हटलं तर गिरणीकडे जातील. तिनं गल्लीभर नजर फिरवली. तात्यांचं काम चोख होतं आणि तिचंही.

"फसलं," ती म्हणाली.

"झालं तर मग."

"मग आता तरी चला. बघून गेलं ना ते? आता कपडे कोणासाठी घालायचे?"

"नाटकाचा एकच प्रयोग असतो का गं?" तात्या हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. "उद्या पुन्हा बघायला येतील. आले आणि दोरीवर आजचेच कपडे दिसले तर?" त्यांनी तिच्या हातातले उरलेले चिमटे काढून घेतले. "रात्री मी त्या पोरांच्या खंदकात निजतो. ते घेतात मला. तू जा. शाळा सुटेल."

तिनं त्यांना उचलून न्यायचं ठरवलं होतं. तेवढं बळ तिच्या अंगात होतंही. तात्या आता उरले होते तरी किती. पण तिचे हात उचलले गेले नाहीत. ती त्यांच्या पाया पडली नाही, गळ्यात पडली नाही. तसं काही केलं असतं तर तिथून हलताच आलं नसतं. "खंदकातच निजा," एवढंच म्हणाली. "आणि दूध उतू घालवू नका."

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. मघाचा सैनिक बाजूला झाला. या वेळी त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

वळणावर तिनं एकदाच मागे पाहिलं. दारात सायकल, ओट्यावर खेळणं, अंगणाअंगणात वाऱ्यावर हलणारे कपडे, मधोमध चिमीचा पिवळा फ्रॉक. क्षणभर तिलाही वाटलं, सगळे घरीच आहेत.